मुठीचं माप

समोर बसवून धरायला सांगितलं की माणूस खोटं धरतो, असा अवजारांच्या मुठी करणाऱ्या मूठवाल्यांचा अनुभव होता. फोटो काढताना चेहरा ताठ होतो तसा हातही ताठ होतो. बोटं शहाण्यासारखी ओळीत बसतात, मनगट सरळ होतं, आणि त्या मापानं केलेली मूठ घरी गेल्यावर टोचायला लागते. म्हणून त्यांनी स्वतःची एक रीत पाडून घेतली होती. करवत असो, चाकू असो, नाहीतर कुबडी असो, तिच्या मुठीएवढा लाकडाचा ठोकळा घ्यायचा, त्यावर मेण आणि राळ कालवून जाड थर चढवायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, हा घरी न्या. पेपर वाचताना, गप्पा मारताना, नुसतं बसलेलं असताना हातात असू द्या. त्याच्याकडे बघायचं नाही. मन दुसरीकडे गेलं की हात जे धरतो ते खरं.

या रितीला गिऱ्हाइकं हसायची, पण मूठ हातात आली की हसणं बंद व्हायचं. गल्लीच्या तोंडाशी एक खोलीचं दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, मधल्या दाराला पडदा. पडद्याच्या अलीकडे भुसा उडायचा आणि पलीकडे बायको त्या भुशाच्या नावानं बोटं मोडायची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी भुसा आणि तिचं भांडण मिटलं नव्हतं.

त्या दिवशी व्याही आले ते इस्त्रीच्या कपड्यांत, बूट चकचकीत. लेकीचे सासरे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी खजिन्याच्या गाडीवर पहारेकरी म्हणून काढली आणि नंतर नेमबाजीच्या क्लबात पोरांना शिकवलं. मूठवाल्यांना त्यांचा धाक वाटायचा आणि अभिमानही. लग्नाच्या बोलणीत दोघांनी गमतीनं पंजे जुळवून पाहिले होते. माप एकच निघालं, तेव्हा व्याही म्हणाले होते की आता हुंड्याऐवजी हातमोजे द्या, तेवढा एकच जोड दोघांना पुरेल.

व्याह्यांनी डाव्या हातानं कापडातलं गाठोडं मेजावर ठेवलं. उजवा हात खिशात होता. आत त्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं. ते जुन्या पद्धतीचं, दर गोळीला आधी अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा, मगच चाप दाबायचा. ठाण्याची परवानगीची चिठ्ठी सोबत होती. गोळ्या घरी ठेवल्या आहेत असं त्यांनी सांगितलं, तरी मूठवाल्यांनी चक्र फिरवून एकेक भोक उजेडाकडे धरून पाहिलं. व्याह्यांनी मान डोलावली. असं पाहणारा माणूस त्यांना आवडायचा.

मुठीला दोन्ही बाजूंनी काळ्या रबराच्या पातळ फाका होत्या. एक तडकलेली, दुसरी झिजून गुळगुळीत. क्लबात जुन्या लोकांची स्पर्धा आहे, व्याही सांगत होते. घोडा ओढताना मूठ हातात फिरते, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. जरा भरीव करा, तळव्याला आधार मिळेल असं काहीतरी. हाताला सुख वाटलं पाहिजे.

मूठवाल्यांनी अक्रोडाचं लाकूड दाखवलं. व्याह्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं करून चालेल म्हटलं. मग मेणाचा ठोकळा घेतला, खिशात टाकला, हत्यार कामासाठी तिथंच ठेवलं आणि निघाले. बायकोनं आणलेला चहा तसाच राहिला, वर साय धरून.

ती कप उचलताना म्हणाली, "आपल्या घरचा चहा उतरत नाही हो त्यांच्या घशाखाली. मागच्या वेळीही असाच ठेवून गेले."

मूठवाल्यांनी घाईत असतील म्हटलं. तिनं विचारलं, पेन्शनीत गेलेल्या माणसाला कसली घाई, आणि कप मोरीत ओतला.

ठोकळा परत आला तो लेकीबरोबर. ती आईला भेटायला आली होती, येताना सासऱ्यांच्या टेबलावरचं हे पुडकं घेऊन आली. त्यांनीच सांगितलं होतं, बाबांना दे म्हणून. मूठवाल्यांनी कापड सोडलं आणि ठोकळा खिडकीत धरला.

आता रिव्हॉल्व्हरची मूठ करायची म्हणजे काय करायचं असतं, तर दोन बाजूंच्या दोन फाका. पुढची आणि मागची पट्टी लोखंडाची, ती हत्याराचीच असते, तिला कानस लागत नाही. त्यामुळे मूठवाल्यांची नजर सवयीनं दोन बाजूंवरच गेली. तळव्याचा ठसा डाव्या बाजूला उठला होता आणि बोटांची टोकं उजव्या बाजूला. उजव्या हातानं धरलं तर हे नेमकं उलटं व्हायला हवं होतं.

"तुझे सासरे डावखुरे झाले की काय गं?" त्यांनी विचारलं.

लेक म्हणाली, मला काय माहीत बाबा. हल्ली माझ्याशी बोलतात कुठं? मग एकदा सुरू झाली ती थांबेना. मामंजी आता सगळ्यांबरोबर जेवायला बसत नाहीत. ताट खोलीत मागवतात आणि दार लोटून घेतात. चहासुद्धा कुणी समोर असलं की घेत नाहीत. उजवा हात सदा खिशात, जसा काही तिथं हिरा ठेवलाय. सही करायची वेळ आली तर उद्या करतो म्हणतात. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो वय झालं.

"माझंच काहीतरी चुकलंय," ती म्हणाली. "भाजीत मीठ जास्त पडलं असेल, नाहीतर उलट उत्तर गेलं असेल. ते रागावलेत माझ्यावर, पण सांगत नाहीत."

आईनं तिला सासरे नावाच्या प्राण्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या आणि हसवून परत पाठवलं. मूठवाले मात्र मनात जुळवाजुळव करत राहिले. हात खिशात, सही टाळतात, अंगठ्याच्या मुळाशी कळ. म्हणजे उजवा हात दुखण्यानं गेला असणार आणि गडी गुपचूप डाव्या हातानं धरायला शिकतोय. मानी माणूस, तोंडानं कसा सांगेल? मूठवाल्यांना स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. काही विचारायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. सरळ डाव्या हाताची मूठ करून द्यायची. व्याही हातात घेतील, त्यांना कळेल की याला कळलंय, आणि दोघांपैकी कुणालाही बोलावं लागणार नाही.

मग ते कामाला लागले. अक्रोडाचा तुकडा मधोमध चिरून दोन फाका केल्या, म्हणजे दोन्ही बाजूंना रेषा जुळतात. आतली बाजू लोखंडाला लावून, काजळी फासून, जिथं काळं लागेल तिथं घासून, असं करत करत ती अशी बसवली की फटीत कागद जाईना. मग बाहेरची बाजू. तळव्याच्या खळग्यानं मेण जिथं फुगलं, तिथं लाकडात उंचवटा ठेवायचा. मेणात बोटाचं टोक जिथं रुतलं, तिथं लाकडात हलकी खाच. कानस, मग बारीक कानस, मग पॉलिश पेपर, मग तेल. बायकोनं जेवायला हाक मारली की येतो म्हणायचे आणि यायचे नाहीत. इतकं मन लावून त्यांनी बऱ्याच दिवसांत काही केलं नव्हतं. लेकीच्या सासरचं काम होतं. त्यात थोडी आपली शानही होती.

स्क्रू आवळला आणि मूठ डाव्या हातात घेतली. पंजाचं माप एकच, तेव्हा त्यांच्या हाताला जे सुख, तेच व्याह्यांच्या.

मूठ बसेना.

तळव्याचा उंचवटा भलत्याच जागी टेकत होता. बोटं खाचांपर्यंत जात होती, पण तिरपी पडत होती. उजव्या हातात घेऊन पाहिलं, ते तर त्याहून वाईट. उन्हात ठेवल्यानं मेण वाकडं झालं असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. चडफडत, कुठं जास्त राहिलंय ते पाहायला त्यांनी हत्यार फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि फिरवता फिरवता उजव्या हातात ते एकदम बसलं. जुन्या चपलेत पाय जावा तसं. तळवा उंचवट्यावर टेकला, बोटं आपोआप खाचांत गेली, अंगठा समोर येऊन थांबला. कुठे फट नाही, कुठे टोचणं नाही. जन्मात इतकी चांगली मूठ केली नव्हती.

त्यांना हसू आलं. ओठांवर ते हसू होतं तोवरच त्यांचं लक्ष नळीच्या तोंडाकडे गेलं. नळी त्यांच्याच सदऱ्याच्या बटणाकडे पाहत होती.

त्यांनी हत्यार मेजावर ठेवलं. पडू नये म्हणून जपून ठेवतात तसं, दोन्ही हातांनी. मग मेणाचा ठोकळा उचलला आणि आतापर्यंत पाहिली नव्हती ती पुढची-मागची कड पाहिली. मागच्या कडेवर चार बोटं. पुढच्या कडेवर अंगठा. आणि ते एकदाचं नव्हतं. ठशावर ठसा, ठशावर ठसा, पायवाट पडते तसा. पेपर वाचताना, नुसतं बसलेलं असताना, मन दुसरीकडे गेलेलं असताना. बोटांच्या खुणांच्या कडा साफ नव्हत्या. त्यांना बारीक लहरी होत्या, वाऱ्यानं पाण्यावर उठतात तशा. ते ठसे उमटवणारा हात थरथरत होता.

बायको पडद्याआडून आली ती जेवणावरून बोलायच्या तयारीनं. पण नवऱ्याचं तोंड पाहून तिनं पदराला हात पुसले आणि स्टुलावर बसली.

"त्यांनी चहा का घेतला नाही ते कळलं," मूठवाले म्हणाले.

त्यांनी तिला सगळं सांगितलं. रिव्हॉल्व्हर हातात न घेता, नुसत्या बोटांनी हवेत दाखवून. तिनं ठोकळा हातात घेऊन कड पाहिली. मग लेकीला आत्ता फोन करा म्हणाली. मूठवाल्यांना ते जमेना. मेणाच्या गोळ्यावरून लेकीच्या सासऱ्यावर असला आळ घ्यायचा? उद्या खोटं निघालं तर तिनं त्या घरात कोणत्या तोंडानं वावरायचं? जावई काय म्हणेल? व्याह्यांनी संबंध तोडले तर?

"आणि खरं निघालं तर?" बायकोनं विचारलं.

खरं निघालं, तर ती मूठ मूठवाल्यांच्याच हातची होती. हाताला सुख वाटावं म्हणून, कानशीनं, पॉलिश पेपरनं, तेल लावून. शेवटी ठरलं ते असं की बायकोनं लेकीला फोन करून एवढंच सांगायचं, सासऱ्यांच्या कपाटातला गोळ्यांचा डबा जावयाबरोबर त्याच्या कामावर पाठवून दे आणि कुलपात ठेवायला सांग, कारण संध्याकाळी कळेल. आणि मूठवाल्यांनी व्याह्यांना बोलवायचं.

व्याही दुपारी आले. मूठवाल्यांनी तोवर फाका काढून रिव्हॉल्व्हर खणात घालून किल्ली बायकोकडे दिली होती. मेजावर फक्त दोन फाका आणि मेणाचा ठोकळा.

काम झालं का, व्याह्यांनी उभ्यानंच विचारलं.

"झालं. पण चुकलं," मूठवाले म्हणाले आणि त्यांना बसायला स्टूल पुढं केलं.

मग त्यांनी स्वतःची फजिती सांगायला घेतली. डावखुरे झालात असं कसं वाटलं, कशी मोठ्या शहाणपणानं डावी मूठ केली, बायकोचं जेवण कसं गार केलं. व्याही ऐकत होते, थोडं हसलेही. मूठवाल्यांचा आवाज मात्र पुढं जाईना. त्यांनी ठोकळा फिरवून त्याची मागची कड वर केली.

"डाव्या हातात बसेना. मग एका जागी बसली. कशी बसली ते मी तुम्हाला दाखवणार नाही."

व्याह्यांनी ठोकळ्याकडे पाहिलं. त्यांनी आजवर तो पाहिलाच नसावा. बघू नका असं सांगितलं होतं, आणि शिस्तीचा माणूस तो, बघितलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि त्या जागी काहीच आलं नाही.

मग ते चिडले. आवाज न चढवता चिडणारा माणूस जास्त लागतो. मेणाच्या गोळ्यावरून माणसं जोखायला कधीपासून लागलात, त्यांनी विचारलं. हत्यार माझं, परवाना माझा, मुकाट्यानं परत करा.

"लेक दिलीत तुम्ही आमच्या घरात. आम्ही घर नाही दिलं तुम्हाला. आपल्या पायरीनं राहा."

मूठवाल्यांना ते झोंबलं. पण ते जागचे हलले नाहीत. "रागवा. तुमचा हक्कच आहे. पण हत्यार आज मिळणार नाही."

"मी ठाण्यात जाईन."

"चला. मीच घेऊन येतो, तिथंच जमा करू."

एवढ्यात पडदा सरला आणि बायको चहा घेऊन आली. नेहमीची कपबशी नव्हती. जाड बुडाचा मोठा पेला होता आणि चहा त्यात निम्माच होता. तिनं तो व्याह्यांसमोर ठेवला, आत गेली, आणि पडदा नीट ओढून घेतला.

व्याही त्या निम्म्या पेल्याकडे पाहत राहिले. मूठवाल्यांना वाटलं, आता हा माणूस उठून जाणार. पण व्याह्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि मेजावर ठेवला, दुसऱ्याच कुणाची वस्तू ठेवावी तसा. हात नुसता पडून होता तरी हलत होता. नख अक्रोडाच्या फाकेला लागत होतं आणि त्याचा बारीक टकटक आवाज होत होता.

स्पर्धा वगैरे काही नव्हती. डॉक्टरकडे ते एकटेच जाऊन आले होते. हे थांबणार नाही, वाढत जाईल, असं त्यानं सांगितलं होतं. औषधानं उतार पडतो म्हणाला होता, पण ते वाक्य त्यांच्या डोक्यात राहिलं नव्हतं.

"या हातानं मी दोरीला टांगलेलं नाणं उडवायचो," ते म्हणाले. "आता घास तोंडापर्यंत जात नाही. सदऱ्यावर सांडतो. उद्या सुनेनं भरवायचं का मला?"

आता आडून विचारण्यात अर्थ नाही असं मूठवाल्यांना वाटलं.

"मरायचं मनात आहे का तुमच्या?"

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, ती घसरून पडली आणि तो माणूस तिला शिव्या देत राहिला. मग तो गेला.

"रोज नाही," व्याही म्हणाले.

हे दोन शब्द मूठवाल्यांच्या अंगावर पडले. नाही म्हटलं असतं तर विश्वास बसला नसता, हो म्हटलं असतं तर काय करायचं ते कळलं असतं. रोज नाही म्हणजे काही दिवस. कोणते, ते कुणी ओळखायचं?

त्यांना सांत्वन करता येत नव्हतं. जे ठाऊक होतं तेवढंच ते बोलले. "तुमच्या सुनेला वाटतंय तुम्ही तिच्यावर रागावलात. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून. रडवेली झाली होती इथं सांगताना."

व्याह्यांनी मान वर केली. "माझं तिच्यावर कसलं रागावणं?"

"तेच तिला कुणी सांगितलं नाही."

व्याह्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला. तो वर येईपर्यंत चहा आत हिंदकळत होता, पण निम्माच असल्यानं काठाबाहेर आला नाही. त्यांनी एक घोट घेतला. मग पेला ठेवला आणि चला म्हणाले.

ठाण्यातल्या हवालदारानं रिव्हॉल्व्हर उलटंसुलटं करून पाहिलं आणि मुठीच्या फाका कुठं गेल्या असं विचारलं. मूठवाले म्हणाले, त्या माझ्याकडं राहिल्या, नीट जमल्या नाहीत. व्याह्यांनी डाव्या हातानं सही केली. ती लहान मुलाच्या अक्षरासारखी झाली. हवालदारानं परवान्यावरच्या सहीशी ती ताडून पाहिली, मग त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

तिथून व्याह्यांच्या घरापर्यंत दोघं चालत गेले. व्याही दोन पावलं पुढं राहिले. त्यांचा राग गेला नव्हता आणि मूठवाल्यांनी तो जाईल अशी आशाही धरली नव्हती. डॉक्टरकडे उद्या मुलाला घेऊन जाईन, एवढं एकदा ते मागे न वळता म्हणाले. मूठवाल्यांनी बरं म्हटलं. उद्या काय होईल याचा भरवसा त्यांना वाटत नव्हता. आपण उद्याही येऊ, परवाही येऊ, काहीतरी निमित्त काढून येऊ, व्याही वैतागतील इतकं येऊ, असं ते मनात घोकत होते. खिशातल्या दोन फाका चालताना मांडीला लागत होत्या. घरी गेल्यावर त्या करवतीखाली घालायच्या होत्या.

दारापाशी व्याही थांबले. किल्ली त्यांच्याकडे होती. त्यांनी ती काढली, पुन्हा खिशात टाकली, आणि उजव्या हाताचं बोट घंटीच्या बटणावर ठेवलं. बोट जागेवर राहिना. घंटी तुटक तुटक, अडखळत वाजायला लागली, थांबते आहे असं वाटायचं आणि पुन्हा सुटायची.

"कुठलं वांड कार्टं आहे ते?" आतून लेकीचा आवाज आला. "बोट मोडून ठेवीन आता."

पावलं वाजली, कडी निघाली. दारात ती उभी राहिली, हातात पोळपाट, कपाळावर आठी. आधी तिनं सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या बापाकडे, आणि मग बटणावर अजून थरथरणाऱ्या त्या हाताकडे.

व्याह्यांनी हात खाली घेतला. पण खिशात घातला नाही.